सुरकुतलेला वाटाणा, बॉम्बे रक्तगट आणि जनुकांचे काम

वाळलेला वाटाणा दोन तऱ्हेचा असतो. रगड्यासाठी भिजत घालतात तो पांढरा वाटाणा गोल आणि गुळगुळीत असतो. भाजीच्या मटाराच्या ‘अर्केल’सारख्या जातींचे बी मात्र वेलावर वाळले की सुरकुतते. ग्रेगोर मेंडेल याने ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याच्या ज्या सात गुणधर्मांचा पाठपुरावा केला, त्यांत बियांचा हा आकारही होता. गोल आणि सुरकुतलेल्या वाणांच्या संकराची पहिली पिढी सगळी गोल निघाली. त्या पिढीच्या बियांपासून पुढची पिढी घेतली, तेव्हा मिळालेल्या ७,३२४ बियांपैकी ५,४७४ गोल होत्या आणि १,८५० सुरकुतलेल्या. हे प्रमाण जवळजवळ तीनास एक भरते. पहिल्या पिढीत दिसेनासा झालेला गुण पुढच्या पिढीत जसाच्या तसा परत आला होता. यावरून मेंडेलने ताडले की प्रत्येक रोपात एकेका गुणासाठी दोन घटक असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. ते एकमेकांत मिसळून जात नाहीत आणि पुढच्या पिढीला त्यांतला एकच मिळतो. हे संशोधन १८६६ मध्ये छापले गेले आणि पुढची ३४ वर्षे जवळपास कोणीच त्याची दखल घेतली नाही. या घटकांना ‘जीन’ हे नाव १९०९ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेम योहान्सन याने दिले. मराठीत त्यालाच जनुक म्हणतात.

गोल आणि सुरकुतलेल्या बियांत नेमका फरक कशाचा, याचा उलगडा व्हायला १९९० साल उजाडले. इंग्लंडमधील नॉरिच येथील शास्त्रज्ञांनी मेंडेलचे ते जनुक शोधून वेगळे केले. बियांमधील साखरेपासून स्टार्च बनवताना स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारे एक विकर लागते आणि ते बनवण्याची माहिती या जनुकात असते. सुरकुतणाऱ्या वाणात या जनुकाच्या मधोमध डीएनएचा सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला आढळला. एखाद्या पाककृतीच्या मध्येच भलत्याच कागदाची घडी चिकटावी तसा हा प्रकार. त्यामुळे विकर नीट बनत नाही, स्टार्च कमी तयार होतो आणि साखर बियांत साचून राहते. साखर पाणी खेचून घेते, म्हणून कोवळे बी टपोरे होते. पुढे ते वाळू लागले की पाणी निघून जाते, फुगलेले साल मोठे पडते आणि त्याला चुण्या पडतात. भाजीचा मटार गोड लागतो तोही याच साखरेमुळे. म्हणजे ज्याला शेतकरी चांगला गुण म्हणून जपत आले, तो मुळात एका जनुकाचा बिघाड आहे.

या जनुकात ‘गोलपणा’ नावाची कोणतीही गोष्ट लिहिलेली नाही. तिथे आहे ती फक्त एक विकर बनवण्याची सूचना. गोलपणा नंतर येतो, आणि तोही स्टार्च, साखर, पाणी, साल अशा बऱ्याच वळणांनी. वर्तमानपत्रांत ‘अमुक गुणाचे जनुक सापडले’ अशा बातम्या येतात, त्या वाचताना हे अंतर ध्यानात ठेवावे लागते. ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ हे शालेय शब्दही तितकेच जपून वापरायला हवेत. एक धड आणि एक बिघडलेले असे दोन्ही जनुक असलेला वाटाणा डोळ्यांना पूर्ण गोल दिसतो. पण त्याचा स्टार्च सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर स्टार्चचे कण दोन्ही वाणांच्या मधल्या घडणीचे असतात. बी गोल राहण्यापुरते विकर एका धड जनुकातूनही मिळते, इतकेच. एकच जनुक कुठून पाहिले यावर प्रभावी ठरते किंवा ठरत नाही.

डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांची लांबलचक साखळी. माणसाच्या पेशीत आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेल्या संचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात आणि त्यांत प्रथिने बनवण्याच्या सूचना देणारी जनुके वीस हजारांच्या आसपास. अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. प्रत्येक गट एका अमिनो आम्लासाठी असतो आणि अमिनो आम्ले ओळीने गुंफली की प्रथिन तयार होते. विकरे, हिमोग्लोबिन, केसांतले केराटिन ही सगळी प्रथिनेच. पेशी विभागताना ही सगळी साखळी उतरवून काढावी लागते. नक्कल कमालीची अचूक असते, पण निर्दोष नसते. प्रत्येक मूल आईबापांपैकी कोणातही नसलेले साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्माला येते. यांतले बहुतेक बदल प्रथिनांच्या सूचना नसलेल्या भागांत पडतात आणि त्यांचा काही परिणाम दिसत नाही. काही घातक ठरतात. अगदी थोडे उपयोगी पडतात किंवा एखाद्या परिस्थितीत उपयोगी आणि दुसरीत त्रासाचे ठरतात. पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या या बदलांनाच जनुकीय विविधता म्हणतात.

बिघाडातून गुण जन्माला येण्याचे आणखी एक उदाहरण ताटातले आहे. बासमतीच्या सुगंधामागचे मुख्य रसायन हा एक लहानसा रेणू आहे आणि कोकणात भात शिजताना घालतात त्या आंबेमोहोर पातीत तेच असते. हा रेणू बनायचा कच्चा माल साध्या भाताच्या रोपातही तयार होतो, पण तिथे एक विकर तो दुसरीकडे वळवून टाकते. बासमतीत त्या विकराच्या जनुकातून आठ अक्षरे गळाली आहेत. आठ हा आकडा तीनने भागला जात नाही, त्यामुळे त्या जागेच्या पुढचे सगळे तीन-तीनचे गट चुकतात आणि विकर अर्धवट राहते. वळवणारे कोणी नसल्याने माल साचतो आणि त्याचा सुगंध होतो. सुवासिक आणि बिनवासाच्या वाणांचा संकर केला की पहिली पिढी सुगंध गमावते, कारण एकही धड जनुक असले तर कच्चा माल वळवायला ते पुरते.

रक्तगटांच्या बाबतीत एकाहून अधिक जनुके एकमेकांच्या खांद्यावर उभी राहून काम करतात आणि ती कहाणी थेट मुंबईत येऊन पोहोचते. कार्ल लँडस्टायनरने व्हिएन्नात १९०१ मध्ये रक्तगट शोधले. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात आणि साखळीच्या टोकाला कोणती साखर आहे यावरून गट ठरतो. टोकाला ही साखर जोडणारे विकर नवव्या गुणसूत्रावरील जनुकाकडून येते. या जनुकाचे ए रूप एक साखर जोडते आणि बी रूप दुसरी. या दोन विकरांत साडेतीनशेहून अधिक अमिनो आम्लांपैकी फक्त चारांचा फरक आहे. ओ गटाच्या बहुतेक लोकांत याच जनुकातले एक अक्षर गळालेले असते. त्यामुळे वाचन फसते, विकर निकामी होते आणि साखळीचे टोक आहे तसे राहते. ए आणि बी दोन्ही रूपे आली तर दोन्ही साखरा दिसतात. इथे कोणी कोणावर प्रभावी नसतो.

पण ए किंवा बी साखर अधांतरी जोडता येत नाही. तिच्याआधी साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर बसलेली असावी लागते. या पायाला ‘एच’ म्हणतात आणि तो घालणारे विकर एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या वेगळ्याच जनुकाकडून येते. ओ गटात फक्त हा पायाच उरतो, म्हणून ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे काही लोक आढळले ज्यांच्या पेशी तपासणीत ओ गटासारख्या दिसत, पण ज्यांचे रक्तद्रव ओ गटाच्या पेशींचीही गुठळी करत असे. १९५२ मध्ये त्यांनी हे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. या लोकांत एच जनुकाची दोन्ही रूपे निकामी होती. पायाच नसल्याने वर ए किंवा बी बसायला जागा नव्हती आणि एच हा पदार्थच शरीराला परका असल्याने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली होती. हाच बॉम्बे रक्तगट. शहराचे नाव बदलले, गटाचे बदलले नाही. ओ गटाला सर्वदाता म्हणण्याची सवय आहे, पण बॉम्बे गटाच्या माणसाला ओ रक्त देणे जिवावर बेतू शकते. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. नुसत्या पेशी तपासल्या तर हा गट ओ म्हणून निसटून जातो. रक्तद्रवाची उलट तपासणी ओ गटाच्या पेशींशी केली तरच तो हाती लागतो.

एका जनुकाने दुसऱ्याचे काम झाकून टाकण्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. बॉम्बे गटाच्या स्त्रीत बी जनुक धडधाकट असू शकते, फक्त ते दिसत नाही. तिच्या पतीकडून मुलाला कामाचे एच जनुक मिळाले की आईचे झाकलेले बी मुलात उघड होते. कागदावर ओ गट असलेल्या आईबापांना बी गटाचे मूल होते, ते असे. शालेय कोष्टकावरून असे मूल अशक्य ठरते, आणि कोष्टकाच्या आधाराने घरात संशय घेणाऱ्यांनी तेवढे लक्षात घेतलेले बरे.

युरोपात बॉम्बे गट दहा लाखांत सुमारे एकाला असतो, तर मुंबई परिसरात साधारण दहा हजारांत एकाला. दहा हजारांत एक जण असेल, तर निकामी एच जनुकाचे प्रमाण शंभरात एक येते. म्हणजे लग्ने नात्याबाहेर होत असतील तर दर पन्नास माणसांमागे एक वाहक, म्हणजे असे एकच निकामी जनुक असलेला माणूस, निघेल, आणि त्याला स्वतःला त्याचा काही पत्ता नसेल. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत मामेबहिणीशी लग्नाची चाल बऱ्याच समाजांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. आते-मामे भावंडांना आजीआजोबांकडून एकच निकामी जनुक मिळालेले असू शकते. हेच शंभरात एक प्रमाण धरले तर अशा जोडप्याच्या मुलात हा गट येण्याची शक्यता दहा हजारांत एकावरून सातपर्यंत जाते. भारतीय बॉम्बे गटात एच जनुकातला ठरावीक एकाच अक्षराचा बदल पुन्हा पुन्हा आढळतो, यावरून तो एखाद्या जुन्या समान पूर्वजाकडून पसरला असावा.

महाराष्ट्रात याहून कितीतरी मोठा प्रश्न सिकलसेलचा आहे, आणि तिथे जनुक निकामी झालेले नाही. ते काम करते, फक्त वेगळे काम करते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. कारण अकराव्या गुणसूत्रावरील जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. हे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून देते तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दोरे बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे हाडांत आणि पोटात असह्य वेदना होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून पंडुरोग सुटत नाही. प्लीहा खराब होते आणि जंतुसंसर्ग बळावतात. एका अक्षराच्या बदलाची ही एवढी लांब यादी. आकार, वेदना, थकवा, संसर्ग हे वेगवेगळे गुणधर्म वाटले तरी त्यांचे मूळ एकच आहे. भारतात सिकल पेशींचा पहिला शोध १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत लागला. विदर्भात, गडचिरोलीत आणि नंदुरबारच्या सातपुड्यात भिल्ल, पावरा, गोंड, माडिया यांसह अनेक समाजांत हे जनुक आढळते.

इतके त्रासदायक जनुक टिकले कसे? उत्तर मलेरियात आहे. एकच सिकल जनुक असलेल्या वाहकाला सहसा आजार होत नाही आणि फॅल्सिपेरम मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून त्याचा मोठ्या प्रमाणात बचाव होतो. अँथनी अॅलिसन याने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून हे दाखवले. डासांच्या जंगली मुलखात वाहक अधिक संख्येने जगले, त्यांना मुले अधिक झाली आणि जनुक पसरत गेले. त्याची किंमत दोन्ही बाजूंनी ते जनुक मिळालेल्या मुलांनी मोजली. दोन वाहकांच्या प्रत्येक गर्भधारणेत आजारी मूल होण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी निघतील असा त्याचा अर्थ नाही. गावपातळीवर समुपदेशन करणाऱ्यांना हीच गोष्ट समजावायला सर्वांत जड जाते. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते.

दोन्ही जनुके सिकल असलेले सगळे रुग्ण मात्र सारखे आजारी नसतात. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते आणि त्यात बीटा साखळी नसते. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते, म्हणून सिकलसेलची लक्षणे साधारण सहा महिन्यांनंतर उमटू लागतात. काहींत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुढेही बऱ्यापैकी बनत राहते आणि ते सिकल रेणूंना चिकटू देत नाही. भारतात आणि अरबस्तानच्या पूर्व भागात सिकल जनुकाच्या शेजारच्या डीएनएची जी ठेवण आढळते, तिच्यासोबत या हिमोग्लोबिनचे प्रमाण आफ्रिकी रुग्णांपेक्षा अधिक असते. म्हणून भारतीय सिकलसेल सौम्य असतो असे पूर्वी सरसकट म्हटले जाई. विदर्भातल्या रुग्णालयांत वारंवार दाखल होणारी मुले पाहता हे विधान घाईचे होते. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद करणारे मुख्य प्रथिन ‘बीसीएल-११-ए’ या जनुकाकडून येते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला जनुक-संपादनाचा उपचार सिकल जनुकाला हातच लावत नाही. तो रक्त बनवणाऱ्या पेशींत या बीसीएल-११-ए ची कळ फिरवतो.

अशा कळा डीएनएमध्ये सर्वत्र आहेत. प्रथिनाची सूचना तीच राहते, ती कधी, कुठे आणि किती वाचायची ते बदलते. दूध पचवणारे लॅक्टेज हे विकर बहुतेक सस्तन प्राण्यांत दूध तुटल्यावर बंद होते. माणसांतही मूळ प्रथा तीच. ज्यांना मोठेपणी पेलाभर दूध सहज पचते, त्यांच्यात लॅक्टेजचे जनुक वेगळे नसते. त्याच्या शेजारी, दुसऱ्याच जनुकाच्या पोटात असलेली कळ एका अक्षराच्या बदलामुळे बंद व्हायची राहिलेली असते. भारतीयांतला हा बदल युरोपीयांतल्यासारखाच आहे. तो वायव्येकडे अधिक आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी आढळतो. दह्या-ताकात दुधातली काही साखर जिवाणूंनी आधीच फोडलेली असते, त्यामुळे ज्यांना दूध बाधते त्यांनाही बरेचदा ताक चालते.

काही वेळा कळ फिरवणारा हात बाहेरचा असतो. सयामी मांजराचे अंग फिकट असते आणि कान, नाक, पाय, शेपूट काळपट. त्याच्यातले रंगद्रव्य बनवणारे विकर बदललेले असून ते ऊब लागली की काम थांबवते. अंगाच्या थंड टोकांनाच रंग चढतो. आईच्या उबदार पोटातून आलेली पिल्ले म्हणूनच जवळजवळ पांढरी असतात. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत तर पिल्लू नर की मादी हेही वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे २९ अंशांच्या वर माद्या अधिक निघतात आणि खाली नर. माणसाप्रमाणे लिंग ठरवणारी गुणसूत्रांची जोडी त्यांच्यात नाही.

आतापर्यंतचे गुण एका-दोन जनुकांचे होते आणि म्हणूनच ते सांगायला सोपे होते. माणसाचे बहुतेक गुणधर्म असे नसतात. उंचीत मेंडेलचे तीनास एक दिसत नाही, उंची सलग बदलते. अनेक जनुकांचे छोटे-छोटे परिणाम एकत्र आले की असाच सलग आलेख मिळतो, हे रोनाल्ड फिशरने १९१८ मध्ये गणिताने दाखवले. २०२२ मध्ये ५० लाखांहून अधिक लोकांच्या डीएनएची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात उंचीशी संबंधित १२,१११ जागा सापडल्या. यांतल्या बहुतेक एकेका जागेचा वाटा काही मिलिमीटरांचाही नसतो.

चांगले पोषण मिळणाऱ्या समाजात माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकापैकी सुमारे ८० टक्के फरक जनुकांमुळे असतो. या आकड्याचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. एखाद्याच्या उंचीतला ८० टक्के भाग जनुकांनी दिला, असे तो म्हणत नाही. तो एका ठरावीक समाजातल्या फरकांबद्दल बोलतो आणि परिस्थिती बदलली की तोही बदलतो. दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची एका शतकात सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. एवढ्या थोड्या पिढ्यांत जनुके इतकी बदलत नाहीत. बदलले ते अन्न, स्वच्छता आणि बालपणीचे आजार.

अशा हजारो जागांची बेरीज करून उंची, मधुमेह किंवा हृदयविकार यांची जोखीम वर्तवणाऱ्या चाचण्या आता बाजारात मिळतात. त्यांचे गणित बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेले असते आणि इतरांवर ते ढिले पडते. एखाद्या जागेचे युरोपात जे महत्त्व असते, ते भारतात असेलच असे नाही. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या जातीत आणि पोटजातीत लग्ने होत आल्याने भारतात शेजारच्या दोन समाजांची जनुकीय ठेवणही बरीच निराळी असू शकते. या विविधतेची नोंद करण्यासाठी ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात देशभरातील सुमारे दहा हजार लोकांचे संपूर्ण डीएनए वाचण्यात आले आणि ही माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली.